शेऱ्याचा रकाना

माझ्या वडिलांना जी नोटीस आली, तिच्यात एक वाक्य माझं होतं. ‘पत्रकातील रिकामे रकाने आपोआप लपतात, जो रकाना दिसत नाही, त्यात नोंद नाही असे समजावे.’ तीन वर्षांपूर्वी एका माहितीपुस्तिकेच्या सहाव्या पानावर मी ते लिहिलं होतं, जेवायची वेळ टळून गेली म्हणून घाईघाईत. चौकशी अधिकाऱ्यांनी ते पान क्रमांकासह उचललं होतं. त्याच्या जोरावर त्यांनी ठरवलं होतं, की उंबरकोंडी धरणाचे मोजणीदार संपत धिंदळे यांनी पाझराचं पाणी गढूळ येत असल्याचं चौदा महिने कुणाला कळवलंच नाही.

नानांची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. आरोप सिद्ध झाला तर पस्तीस वर्षांच्या नोकरीवर ‘कर्तव्यात कसूर’ असा शिक्का बसणार होता, आणि धरणाखालच्या चार गावांतून त्यांना मान खाली घालून फिरावं लागणार होतं.

“बाकीचं बघू मागनं,” आई फोनवर म्हणाली, “पण ह्ये जेवनाच झालेत गं.”

“नाना काय म्हणतात?”

“म्हणत्यात, म्या लिव्हलंय. तीन दिस झाले, दुसरं बोलणंच नाय.”

नाना खोटं बोलत नाहीत. शाळा बुडवली तर आजारपणाची चिठ्ठीसुद्धा त्यांनी मला कधी लिहून दिली नाही. ‘कंटाळा आल्याने गैरहजर’ असं लिहून सही केली आणि मला बाकावर उभं राहावं लागलं. तेव्हा ते लिहिलंय म्हणत असतील तर लिहिलं असणार. आणि पत्रकात ते दिसत नव्हतं. ते पत्रक काय दाखवतं आणि काय दाखवत नाही, हे ठरवणारा मॅक्रो मी लिहिलेला होता. मी नाशिकहून सकाळची बस धरली.

तो मॅक्रो काय करतो ते इथेच सांगून टाकते. संगणकावरच्या पत्रकाला पूर्वीपासून एक सोय आहे: अमुक घडलं की तमुक कर, असं त्याला आधीच बजावून ठेवता येतं. बजावण्याला मॅक्रो म्हणतात, घडण्याला इव्हेंट. पत्रक उघडणं हा एक इव्हेंट, एका पानावरून दुसऱ्यावर जाणं हा एक, बंद करणं हा एक. म्हणजे उघडताना चौकटींच्या रेघा घालव, वरची ए-बी-सी अक्षरं घालव, आकडे मोठे कर, रिकामे रकाने लपव. आणि बंद होताना सगळं होतं तसं लाव. शेवटचं आम्हाला फार बजावून शिकवतात. दुसऱ्याच्या घरी सामान हलवलंत तर निघताना जागच्या जागी ठेवा, इतकी साधी ती रीत आहे.

पुढे कचेऱ्यांत नजरेचे चष्मे आले. त्यांच्या काडीत बारीक दिवा असतो; आपल्याला न दिसणारा उजेड तो बुबुळावर टाकतो आणि डोळा कुठे थांबला, किती वेळ थांबला, पापणी किती वेळा लवली, हे टिपतो. त्यामुळे पत्रकाला एक नवा इव्हेंट मिळाला: नजर. मी जुन्या सोयीला ही नवी जोडली. वीस वेळा पत्रक बघूनही एखाद्या रकान्यावर डोळा थांबलाच नाही, तर तो रकाना आपला आपण मिटतो. आतली नोंद पुसली जात नाही, फक्त दाखवली जात नाही. माणसाला हवं तेवढंच समोर राहतं, डोळे शिणत नाहीत, चुका निम्म्यावर येतात. दोन हजार अडतीस साली मी हे पहिल्यांदा लावलं ते उंबरकोंडीलाच, कारण नानांनी सांगितलं होतं, “बावीस रकाने हायेत बाय. साहेबलोकांचं डोकं दुखतं.” आज ते चाळीस कचेऱ्यांत आहे. नानांनी ही बातमी गावात ज्याला त्याला सांगितली, काहींना दोनदा.

मला स्वतःलाही त्याची सवय झाली. नाना रोज संध्याकाळी मला निरोप पाठवतात, तोही पत्रकाच्याच भाषेत. ‘पातळी ४१२.३०. पाऊस ०. आई बरी.’ माझं वसतिगृह सुरू झालं त्या दिवसापासूनचा हा नेम. पूर्वी पुढे शेराही असायचा, आणि सांगण्यासारखं काही नसलं की ‘शेरा : निरंक’. निरंक म्हणजे काही नाही. खात्यात जागा कोरी सोडत नाहीत. काही नसेल तर काही नाही असं लिहितात. हे निरोप मी गंमत म्हणून तशाच एका पत्रकात ओतून माझ्या चष्म्याच्या भिंगात, कोपऱ्यात दिसतील असे ठेवले होते. अलीकडे त्यांत शेरा नसायचा. वय झालं, कंटाळले असतील, असं मी धरून चालले होते.

धरणावर पोचले तेव्हा नाना चौकीबाहेर पायरीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. काम काढून घेतलं होतं तरी वेळेवर येऊन बसत होते.

“जेवलीस?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही जेवलात का?”

“माझं सोड.” मग म्हणाले, “तुझ्या पुस्तकातलं वाक्य हाय म्हणं नोटिशीत. वाचलं म्या. चांगलं लिव्हलंय.”

ते टोमणा मारत नव्हते. त्यामुळेच मला कुठे बघावं कळेना.

समोर धरणाच्या उतारावर ताडपत्री आणि वाळूची पोती दिसत होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका शेळ्या राखणाऱ्या बाईला तिथे बैलगाडी मावेल एवढा खड्डा दिसला होता. मातीचं धरण थोडं पाझरतंच. ते पाणी खालच्या नालीत गोळा होतं आणि पत्र्याच्या एका त्रिकोणी खाचेवरून पडतं. खाचेतल्या पाण्याची उंची मोजली की मिनिटाला किती लिटर येतं ते कळतं. पाणी नितळ असेल तर काळजी नाही. गढूळ असेल तर ते धरणाच्या पोटातली माती घेऊन येतंय, मग ते कितीही कमी असो. किती येतं हे यंत्र मोजतं. कसं येतं हे मोजणारंही एक यंत्र होतं, पण ते शेवाळ धरून बंद पडलं होतं आणि त्याचं मागणीपत्र तीन वर्षं वाटेतच होतं. म्हणून नाना रोज सकाळी खाचेखाली काचेची बाटली धरत, उजेडात बघत, आणि गळ्यातल्या यंत्रात नोंद बोलत. ते यंत्र बोललेलं पत्रकात उतरवत असे. आकडे आकड्यांच्या रकान्यांत, बाकी सगळं शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात.

खड्डा सापडल्यावर धरण घाईने उपसलं. चार गावं अकरा दिवस शाळांत राहिली. जीव कुणाचा गेला नाही, पण गव्हाहरभऱ्याचं पाणी नदीला वाहून गेलं. लोक चिडले, आणि लोक चिडले की खात्याला एक नाव लागतं.

शाखा अभियंता इनामदार मॅडम आत टेबलाशी होत्या. दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या, पस्तिशीच्या, कामाला वाघ. नोटीस त्यांनी काढली नव्हती, पण पत्रकाची छापील प्रत त्यांच्याच सहीने गेली होती.

“मी खाली-वर सगळं पाहिलं हो,” त्या म्हणाल्या. “शेरा कुठेच नाही. तुमच्या पुस्तिकेप्रमाणे नाही म्हणजे नाही.”

“छापलेलं काय सांगणार? जे दिसतं तेच छापून येतं. मी बघू?”

त्यांनी उठून खुर्ची दिली. पडद्यावर चारच रकाने होते: तारीख, पातळी, पाझर, पाऊस. मोठे, स्वच्छ आकडे. क्षणभर मला माझ्या कामाचं कौतुक वाटलं, हे कबूल करते. मग मी वरची अक्षरं चालू केली. ए, बी, एफ, के. आणि पुढे थेट पत्रकाबाहेरचा कोरा डब्ल्यू. बाविसातले अठरा रकाने मिटलेले होते.

अक्षरं मीच लपवली होती, फापटपसारा म्हणून. ती दिसत असती तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं असतं, की बी नंतर एकदम एफ कसा?

“मॅडम, तुम्ही हे अठरा लपवलेत?”

“मी? मी आले तेव्हापासून चारच आहेत.”

तसं व्हायला नको होतं. प्रत्येकाने पत्रक बंद केलं की त्याची मांडणी पुसली जाते आणि पुढच्याला बावीसच्या बावीस रकाने मिळतात. मी विचारलं, “हे शेवटचं बंद कधी केलं होतं?”

मॅडमनी नानांकडे बघितलं. नाना दारात उभे होते.

“बंद?” ते म्हणाले. “वही मिटायची नाय.”

टेबलावर पडद्याशेजारी एक काळा दगड होता, पायाच्या खोदाईत निघालेला. मी लहानपणापासून तो बघत आले होते आणि त्याची गोष्टही मला पाठ होती. धरण पहिल्यांदा भरलं त्या वर्षी पुरात कुणीतरी नोंदवही मिटून ठेवली. पुढच्या पाळीच्या माणसाने ती उघडली ती आदल्या दिवसाच्या पानावर, आणि जुना आकडा बघून दरवाजे उशिरा उचलले. तेव्हापासून हुकूम: वही उघडी राहील, पानावर दगड राहील, आणि पाळी बदलताना येणारा माणूस उघड्या पानावर बसेल. संगणक आले तेव्हा वही गेली, पण हुकूम राहिला. पत्रक चालूच, यंत्राला बॅटरीचा आधार, येणाऱ्याने नुसता चष्मा चढवायचा. तीन वर्षांत पत्रक एकदाही मिटलं नव्हतं.

म्हणजे बंद होण्याचा इव्हेंट एकदाही घडला नव्हता, आणि सामान जागच्या जागी ठेवणारा माझा भाग एकदाही चालला नव्हता. सकाळच्या माणसाने न बघितलेले रकाने मिटले. दुपारच्या माणसाला उरलेलेच मिळाले, त्यातले त्याने न बघितलेलेही मिटले. जे मिटलं त्यावर कुणाची नजर पडणं शक्य नव्हतं, म्हणून ते परत येणंही शक्य नव्हतं. आणि पत्रकात सगळ्यात कमी बघितला जातो तो शेरा, कारण तो सगळ्यात शेवटी असतो आणि बहुतेक दिवस त्यात निरंकच असतं.

हुकूम मला पाठ होता, मॅक्रो मी लिहिला होता. दोन्ही मला माहीत होतं आणि एकत्र कधी आठवलं नाही. धरणावर वाढलेल्या मुलीकडून ही चूक व्हायला नको होती.

“रकाने हाताने उघडता येणार नाहीत का?” मॅडमनी विचारलं.

“येतील. पण उद्या चौकशीत म्हणतील, मुलीने येऊन नोंदी घातल्या. मी काहीच शिवणार नाही. तुम्ही, सगळ्यांसमोर, पत्रक नुसतं बंद करा. ते आपलं आपण पूर्वीसारखं होईल.”

मॅडमचा हात उचलेना. त्या बाहेरच्या, शिकलेल्या, तरी त्यांचा हात उचलेना. शेवटी नाना पुढे आले. त्यांनी दगड दोन्ही हातांनी उचलून खिडकीत ठेवला.

“मिटा मॅडम,” ते म्हणाले. “पुन्यांदा लगेच उघडा म्हंजे झालं.”

मॅडमनी कालवा निरीक्षक आणि शिपाई अशा दोघांना बोलावलं, वेळ लिहून घेतली, चष्मा काढून ठेवला आणि पत्रक बंद केलं. पडदा दोन सेकंद कोरा राहिला. मग त्यांनी ते उघडलं आणि बावीस रकाने आले, रेघांसकट, अक्षरांसकट, बारीक टायपात. शेवटचा व्ही. वर लिहिलेलं: शेरा.

मॅडम वाचायला लागल्या. “अकरा ऑगस्ट चाळीस. पाझर नेहमीएवढा, पण गढूळ. बाटली भरून ठेवली. बारा ऑगस्ट. गढूळ. एकोणीस ऑगस्ट. निवळला. दोन सप्टेंबर. पुन्हा गढूळ. साहेबांनी येऊन पाहावे ही विनंती. वीस सप्टेंबर. विनंती पुन्हा.” चौदा महिने. एकही दिवस कोरा नव्हता. ज्या दिवशी काही नाही त्या दिवशी निरंक.

मॅडम थांबल्या. “धिंदळे, मी रोज या खुर्चीत बसते. तुम्ही रोज समोरून जाता. एकदा तोंडाने का नाही सांगितलंत?”

नाना अवघडले. “मॅडम, लिव्हलं व्हतं. लिव्हल्यावर परत तोंडानं सांगायचं म्हंजे तुम्ही वाचत नाय असं म्हणणं झालं. तसं कसं म्हणू?”

शिपायाने उगाचच खिडकीतला दगड पुसला.

आठवड्याने सुनावणी झाली. चौकशी अधिकारी निकुंभ साहेब, सावकाश बोलणारे, प्रत्येक कागदावर पेन्सिलीने टिचकी मारणारे गृहस्थ. मी सगळं सांगितलं. सहाव्या पानावरचं वाक्य नजरेचा भाग जोडल्या दिवसापासून खोटं झालं होतं आणि मी ते बदललं नाही, हेही सांगितलं. आदल्या दिवशी चाळीसही कचेऱ्यांना पत्रकं बंद करून उघडायला कळवलं होतं; तीन ठिकाणी मिटलेल्या रकान्यांत कामाच्या नोंदी निघाल्या होत्या. साहेबांनी टिचक्या मारल्या.

मग ते नानांकडे वळले. “आता एकच. शेऱ्याखेरीज हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलं होतं का? फोनवर, घरी, कुठेही? कुणाला माहीत असून त्याने काही केलं नसेल, तर मला ते नमूद करावं लागेल.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

“नाय साहेब,” ते म्हणाले. “कुणालाच नाय.”

नोटीस मागे घ्यायची शिफारस होणार हे साहेबांनी तिथेच सांगितलं. “दोष मांडणीचा आहे, माणसाचा नाही,” असं ते म्हणाले आणि मला हायसं वाटलं. नानांसाठी वाटलंच, पण थोडं माझ्यासाठीही. बाहेर आल्यावर नानांनी दोन प्लेट भजी सांगितली आणि दोन्ही जवळजवळ एकट्यानेच संपवली. मला बसमध्ये बसवून देताना म्हणाले, “चष्मा लावून झोपू नकोस. नंबर वाढतो.”

बस घाट उतरत होती. दुपारचं ऊन खिडकीतून मांडीवर आलं होतं. नाना खोटं बोलत नाहीत, हे मी त्या दिवशी साहेबांनाही सांगितलं होतं. तरी ते ‘नाय’ मला कुठेतरी खटकत होतं. लहानपणी बाजारातून माझ्यासाठी काही आणलं असलं आणि आईसमोर सांगायचं नसलं, की ते असंच माझ्याकडे बघून ‘नाय’ म्हणायचे.

चष्म्याच्या कोपऱ्यात नानांच्या निरोपांचं पत्रक होतं. तारीख, पातळी, पाऊस, आई. ते मी कधी बंद केलं होतं? वसतिगृहातल्या पोरीला वेळ असतो, ती शेवटची ओळ वाचते. नोकरी लागल्यावर मी पातळी बघायची, आईचं बघायची आणि पुढच्या कामाला लागायची. मीही धरणाचीच पोर. पत्रक मिटायचं मलाही कधी सुचलं नव्हतं.

मी ते बंद केलं आणि उघडलं.

पाचवा रकाना आला. नाना कंटाळले नव्हते. तीन वर्षं रोज शेरा होता. ‘तुझ्या आवाजाला सर्दी वाटली.’ ‘दारचा फणस धरला.’ ‘दिवाळीला नाय जमलं तरी चालेल, आईला मी समजावलं.’ ‘निरंक.’ ‘निरंक.’ ‘आज तुझ्या यंत्राचं मॅडमनी नाव काढलं.’ मी नजर खाली नेत गेले. ती नेमकी कुठे थांबणार हे मला ठाऊक होतं आणि ती तिथे जाऊ नये असं वाटत होतं.

‘११ ऑगस्ट. पातळी ४१८.९०. पाऊस ३४. आई बरी. शेरा : पाझर गढूळ येतोय. खात्यात लिहिलंय. तू शिकलेली आहेस, तुला काय वाटतं ते कळव.’

त्याखाली पुढचे काही दिवस पुन्हा तेच. ‘गढूळच.’ ‘तू कामात असशील.’ आणि सप्टेंबरच्या अखेरीला, ‘तुला त्रास दिला. आता विचारत नाही.’

मी चष्मा काढला. शेजारच्या बाईंनी विचारलं, बस लागते का, आणि लिंबू काढून दिलं. मी ते घेतलं.

निकुंभ साहेबांचा अहवाल सोमवारी जाणार होता. नाशिक यायला अजून तास होता. त्या तासात मी जबाब लिहिला: मोजणीदारांनी ११ ऑगस्ट चाळीस रोजी मला लेखी कळवले होते व मत विचारले होते. तो मजकूर मी स्वतः केलेल्या मांडणीमुळे माझ्यासमोर आला नाही, कारण त्यांच्या निरोपाची शेवटची ओळ वाचणे मी त्यापूर्वीच सोडले होते. सुनावणीत त्यांनी याबाबत दिलेले उत्तर मला वाचवण्यासाठी दिलेले आहे. दोष मांडणीचा नाही, माझा आहे. निरोपांची प्रत जोडली आणि पाठवून दिलं. यात नाना खोटे ठरत होते हे मला कळत होतं. पण खरं नोंदवून झाल्यावर ते पुसायचं नसतं, हे त्यांनीच शिकवलंय.

मग त्यांना निरोप लिहिला, त्यांच्याच रीतीने.

‘नाशिक जवळ आलं. पाऊस ०. मी बरी. शेरा : तुमचा ११ ऑगस्टचा शेरा आज वाचला. साहेबांना कळवलंय. मला उशीर झाला, नाना.’

संध्याकाळ झाली तरी उत्तर आलं नाही. घरी येऊन मी भात लावला. साडेसातला, रोजच्या वेळेला, निरोप आला. मी चष्मा लावला नाही. फोनवरच, बारीक अक्षरांत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

‘पातळी ४०३.१०. पाऊस ०. आई बरी. मीही जेवलो. शेरा : निरंक.’